तिरका ठोकळा

३ मार्च

बाईंनी आज नवं काम गळ्यात घातलं आणि वर बजावलं, "रोज काय केलंस, कुठे अडलीस ते लिहून ठेव. नाहीतर अक्षरं काढता काढता माणूस स्वतःच्याच प्रेमात पडतो." म्हणून ही वही.

बाई म्हणजे आमच्या सांजदैनिकाच्या नव्या संपादक. मी तिथे पानं लावते. सकाळी बातम्या येतात, दुपारी पान छापायला सोडायचं, चहाच्या वेळेला अंक लोकांच्या हातात. बाईंनी आल्या आल्या नियम काढलाय. आपल्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तेच उभ्या अक्षरात. कुणी सांगितलेलं असेल ते तिरक्या. "मग सांगणारा मंत्री असो, नाहीतर माझी सासू."

अडचण अशी, की आमच्या मथळ्यांच्या टाइपाला तिरकं रूपच नाही. ऑफिसात त्याला ठोकळा म्हणतात. प्रत्येक अक्षराच्या पायाशी आणि डोक्याशी विटेसारखी जाड, चौकोनी पट्टी. आमच्या हलक्या कागदावर शाई पसरली की नाजूक अक्षरांचे पाय विरघळतात, पण ठोकळा तसाच उभा. कॉम्प्युटरला सांगितलं तर तो ते अक्षर नुसतं ढकलून देतो. धक्का लागलेल्या कपाटासारखं दिसतं.

"मग खरं तिरकं तू काढ," बाई म्हणाल्या.

"मी?"

"मग काय मालक काढणार?"

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो पाणीपुरवठ्यात आहे, शुद्धीकरण केंद्रावर, पाळीने. "चांगलंय," म्हणाला, आणि चष्मा पुसत बसला. स्वच्छ होता चष्मा.

७ मार्च

अक्षर वाकवणं सोपं, पाय वाकवणं कठीण. दांडा कलला की विटेचा एक कोपरा टोकदार होतो आणि दुसरा बोथट. पाय सपाट ठेवला तर घोटा मुरगळल्यासारखा वाटतो. पायही कलता केला तर अक्षर ओळीवरून घसरतं. दिवसभर एकाच अक्षराशी झोंबले. गोल अक्षरांची तर अंडी झालीत.

गॅस संपला. नवा सिलिंडर लावून किती दिवस झाले होते! विचारलं तर हा म्हणतो, "पाणी उकळतो ना मी सकाळी."

"कशाला?"

"घसा."

घसा याचा, पण उकळलेलं पाणी सगळ्यांनी प्यायचं. लेकीची बाटली भरायचं कामही आता याच्याकडे. मी भरली तर ओतून परत भरतो. म्हटलं बरं, एक काम कमी झालं.

१२ मार्च

सुटलं! सगळ्या अक्षरांना सगळे पाय द्यायचेच नाहीत. डावीकडचा पाय काढून टाकला आणि उजवीकडचा, जिथून अक्षर पुढच्या अक्षराकडे निघतं, तो तेवढा ठेवला. त्यालाही जरासा बाक दिला. कलही कमी केला आणि अंग थोडं अरुंद केलं. पट्टीची जाडी मात्र तीच. आता ते पडल्यासारखं दिसत नाही. वाऱ्यात पाय रोवून चाललेल्या माणसासारखं दिसतं.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "हे बघ, ते दुबळं दिसता कामा नये. तिरकं म्हणजे खोटं नव्हे. आपण पाहिलेलं नाही, एवढंच."

घरी येऊन उत्साहाने हे सांगत होते, तेवढ्यात लेक बेसिनच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायली. हा असा काही ओरडला, की तिचा ब्रश हातातून पडला. नंतर तिला जवळ घेऊन बसला, पण माझ्याकडे बघेना. माझा या घरातला वेळ कमी झालाय, तो राग असा लेकीवर निघतो की काय? तोंडाने बोलत का नाही मग?

२० मार्च

आज पहिला अंक नियमानुसार. अर्धं पान तिरकं! एका निवृत्त मास्तरांचा फोन आला, "तुमचा अंक वाचताना मान दुखते." बाई म्हणाल्या, "आमची इतकी वर्षं दुखतेय." बस कंपनीच्या माणसाला ते अक्षर इतकं आवडलं, की बसच्या पाठीवर तेच रंगवायचंय. म्हणे गाडी उभी असली तरी पळतेय असं वाटेल. खेळाच्या पानवाल्यालाही हवंय. बाईंनी दोघांना वाटेला लावलं. "आमच्याकडे त्याचा अर्थ ठरलाय."

मालकही खूश. अंकाची चर्चा होतेय म्हणे.

खालच्या काकू जिन्यात भेटल्या. त्यांच्या सुनेला सहावा महिना लागलाय. काकू आमचा अंक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्यांतल्या. "मला आवडलं ग तुझं. आता कळतं तरी कुणावर किती विश्वास ठेवायचा ते." कौतुकाने तरंगत वर आले. हा दारात उभा होता. म्हणाला, "काकूंना सांग ना, सुनेला पाणी उकळून द्यायला. या दिवसांत बरं असतं."

"तूच सांग की! का बाईमाणसांचं बोलणं आहे ते?"

त्याने सांगितलं नाही. मीही विसरले.

३० मार्च

आमच्या बातमीदाराला सगळे झपाट्या म्हणतात. आज तो खरंच झपाट्याने आला. खालच्या वस्तीतली माणसं काविळीने सरकारी दवाखान्यात भरती होताहेत, एकेका खाटेवर दोघं दोघं. तो स्वतः वॉर्डात जाऊन आला. पाणीपुरवठ्याच्या साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "पाणी पूर्ण शुद्ध आहे."

मी नियमाप्रमाणे पान लावलं. खाटा उभ्या अक्षरात, साहेब तिरक्या. त्याखेरीज काही केलं नाही. पण पान छापून आलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. वर ठोकळ्यात रुग्ण, आणि खाली "पाणी पूर्ण शुद्ध आहे" हे वाक्य असं कललेलं, जसं काही कुणाला वाट विचारतंय.

१ एप्रिल

फोनवर फोन. साहेबांचा स्वतःचा फोन, "माझं वाक्य वाकडं का छापलं?" बाई म्हणाल्या, "वाकडं नाही, तिरकं. तुमची टाकी बघायला आमचा माणूस पाठवू का?" साहेबांनी फोन आपटला. लोक मात्र शहाणे. काकूंनी मोठं पातेलं काढून पाणी उकळायला सुरुवात केलीय. वाण्याकडे दोन बायका बोलत होत्या, "तिरकं पाणी प्यायचं नाही हो."

घरी आले तर नवरा कालचा अंक पुढ्यात घेऊन बसला होता.

"हे वाक्य तिरकं कुणी केलं?"

"नियमाने झालं."

"पण बोट तुझंच ना?"

"हो, माझंच. तुझ्या साहेबांचा अपमान झाला म्हणून मी माफी मागू का?"

 तो उठून गच्चीत गेला. याला ऑफिसात माझ्यावरून बोलणी बसली असणार. बायको पेपरात आणि नवरा पाणीपुरवठ्यात, लोक टोमणे मारणारच. पण इतकं मनाला लावून घ्यायचं? जेवत नाही, झोपत नाही. दुसरी बाई असती तर एक वेळ समजलं असतं. हा त्या पातेल्याच्या प्रेमात पडलाय.

६ एप्रिल

म्हणतो, लेकीला काही दिवस माझ्या बहिणीकडे पाठवू. शाळा चालू असताना! मी सरळ विचारलं, "आपलं काही बिनसलंय का?" म्हणाला, "आपलं नाही." मग कुणाचं? तो पातेलं भरायला उठला. मला भीती वाटायला लागलीय. याला कामावरून काढतील का? की हा मला सोडायचा विचार करतोय आणि आधी लेकीला हलवतोय? मनात आलं ते लिहिलं.

९ एप्रिल, दुपार

बाईंना मालकांनी त्यांच्या दुसऱ्या ऑफिसात बोलावून घेतलं, आणि त्या तिकडे गेल्याबरोबर स्वतः इकडे आले. हे ठरवूनच होतं, आता कळतंय. पान सोडायची वेळ झाली होती. माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

साहेबांचं नवं निवेदन पहिल्या पानावर होतं. पाणी तपासलं, शुद्ध आहे, उकळायची गरज नाही. तिरक्या अक्षरात.

"हे उभं करा."

"बाईंना एकदा विचारते."

"पेपर बाईंचा आहे का?"

झपाट्या शेजारच्या टेबलाशी होता, त्याने मान खाली घातली. बाईंचा फोन लागेना. आणि खरं सांगायचं तर मी नोकरीचा विचार केला त्याहून जास्त घराचा केला. म्हटलं, होऊ दे साहेबांचं समाधान, म्हणजे यालाही तिकडे जरा श्वास घेता येईल. एक कळ दाबायची फक्त. वाक्य उभं राहिलं. उभं राहिल्यावर किती खरं दिसतं ते! पायात विटा घालून, ताठ.

मालक म्हणाले, "बघा, किती छान दिसतंय."

आज घरी निदान हसरं तोंड दिसेल.

९ एप्रिल, संध्याकाळ

आधी काय झालं ते नीट लिहिते.

घरी येताना काकूंचं दार उघडं होतं. पातेलं ओट्यावरून उतरवून त्या घासत होत्या. "सुटले बाई! आज तुम्ही उभं छापलंत म्हणून बंद केलं उकळणं. पोरीला ते कोमट पाणी जात नव्हतं. आज दोन ग्लास थंडगार प्यायली." सून मागे उभी राहून हसत होती.

मी वर आले. हा पाळीवरून आला, अंक हातात होता, आणि तोंड पांढरं फटक.

"हे उभं का?"

"तुझ्यासाठी," मी म्हणाले. अगदी असंच म्हणाले. "तुझ्या साहेबांनी तुला छळू नये म्हणून."

तो खाली जमिनीवरच बसला. मग बोलला, आणि महिनाभराचं सगळं एकदम बोलला. क्लोरीन सोडणारं यंत्र फेब्रुवारीपासून बंद आहे. सुटा भाग यायचाय, येतोय, आला, असं चाललंय. वरून हुकूम असा, की रोज 'ठीक' एवढंच सांगायचं. पाणी गाळून तसंच शहरात जातंय.

"आणि तू घरी पाणी उकळत बसलास?"

"तू पेपरात आहेस. तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी छापलं असतंस. माझं नाव कळायला वेळ लागला असता का? मी घर सांभाळलं."

"आणि खालचं घर?"

"मी तुला सांगितलं होतं, काकूंना सांग म्हणून."

मी त्याला मारलं असतं. हात उचललाही होता. पण मग ते दोन ग्लास आठवले आणि मी जिना उतरले, तशीच, चपला न घालता. काकूंना म्हणाले, पाणी उकळा, आत्ताच्या आत्ता. त्यांना कळेना. "अगं पण तुमच्या अंकात उभं आहे!"

"ते मी उभं केलं. कुणीही पाहिलेलं नाही. खोटं आहे ते."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. आधी सुनेच्या हातातला ग्लास काढून घेतला, मग दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

मग शेजारचं दार, मग समोरची इमारत, मग पुढची. कुणी ऐकलं, कुणी हसलं. एक गृहस्थ म्हणाले, "ताई, आधी तुमचं काय ते ठरवा." थोड्या वेळाने पलीकडच्या फुटपाथवर माझा नवरा दिसला. तोही दारं वाजवत होता. प्रत्येक दारात तो सांगत होता, "मी पाणीपुरवठ्यात आहे. पाणी उकळा." आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याची बाजू तो, माझी बाजू मी.

१० एप्रिल

सकाळी हा कामाच्या कपड्यांतच माझ्याबरोबर ऑफिसला आला. बाई आमच्या आधी आलेल्या. काल काय झालं ते त्यांना कळलं होतं. माझ्याकडे न बघता त्यांनी याला खुर्ची दिली.

याने सगळं सांगितलं. बाईंनी विचारलं, "नाव घालू?" हा म्हणाला, "घाला. नाहीतर कशाला आलो?"

"यंत्र दाखवता येईल?"

"आत्ता गेलो तर येईल. दुपारनंतर मला गेटातच अडवतील."

झपाट्या माझ्या नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून गेला. मी पान उघडं ठेवून बसले. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दुसरं काही केलं नाही. मालकांचा फोन आला तो बाईंनी घेतला. म्हणाल्या, "मला काढायचंय तर संध्याकाळी काढा. आत्ता पान लागतंय." आणि रिसीव्हर बाजूला काढून ठेवला.

झपाट्या परतला तो घामाने निथळत. यंत्र पाहिलं. नळ्या सुटलेल्या, वर धूळ. धुळीवर बोटाने रेघ ओढून आला होता, ते काळं बोट त्याने आम्हाला दाखवलं. मथळा उभा: क्लोरीनचं यंत्र बंद. पाणी उकळून प्या.

राहिला नवऱ्याचा मजकूर. यंत्र कधीपासून बंद, हुकूम कुणाचा, हे सगळं त्याने सांगितलेलं. आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. 

मी नवऱ्याचं नाव टाकलं आणि त्याचं बोलणं तिरकं केलं.

पानाच्या तळाशी एक चौकट मी स्वतः लिहिली. काल पाण्याबद्दल जे उभ्या अक्षरात छापलं ते आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं. ही चौकट उभीच लावली. बाईंनी त्यातला एक शब्द बदलला, 'आमच्यापैकी' ऐवजी 'आम्ही' घातलं, आणि पान सोडलं.

१६ एप्रिल

हा निलंबित. साहेबांची बदली. बाई अजून आहेत, कारण त्यांना काढलं तर का काढलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मालक माझ्याशी बोलत नाहीत, त्याचं काही वाटत नाही. काकू बोलत नाहीत, त्याचं वाटतं. जिन्यात त्यांची सून दिसली की मी आधी तिचे डोळे बघते, पांढरे आहेत ना. तिलाही ते कळलंय. परवा तिने मान फिरवली.

२७ एप्रिल

डोळे पिवळे. आज पहाटे तिला दवाखान्यात नेलं.

२९ एप्रिल

डॉक्टरांना गाठलं. गरोदर बाईला ही कावीळ वाईट, म्हणाले. दोघांचाही भरवसा देता येत नाही. मी विचारलं, ते त्या दिवशीचे दोन ग्लास असतील का? ते म्हणाले, असेल. मार्चमधलं पाणीही असेल. कुठल्या ग्लासातून आली हे कुणी सांगू शकत नाही.

घरी येऊन याला सांगितलं. मार्च त्याचा, ते दोन ग्लास माझे. दोघंही ओट्याजवळ उभे होतो. तो म्हणाला, "मार्चच असेल." मी म्हणाले, "तुला काय माहीत?" या घरात पहिल्यांदाच दोघंजण गुन्हा आपल्याकडे ओढायला भांडत होतो.

८ मे

तिची शुद्ध हरपली होती, आज परत आली. हा रोज रात्रपाळीसारखा दवाखान्याबाहेर बसतो. काकूंचा मुलगा त्याला काही बोलत नाही. एकदा चहा आणून दिला म्हणे.

१५ मे

मुलगी झाली, दिवसांआधीच. ओंजळीत मावेल एवढी. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलीय. मायलेकी दोघीही आहेत.

२ जून

दोघी घरी आल्या. मी वर खिडकीतून बघितलं, खाली गेले नाही.

१९ जून

पाणीपुरवठ्याच्या नव्या साहेबांनी कळवलं: नवं यंत्र बसलं, पाणी शुद्ध आहे. मी वाक्य घेतलं आणि तिरकं लावलं. बाई म्हणाल्या, "लोकांनी किती दिवस उकळायचं? कुणीतरी जाऊन बघून या."

"मी जाते," मी म्हणाले. "पण माझं बघणं कोण मानणार?"

तशीच घरी आले आणि काकूंचं दार वाजवलं. "केंद्रावर पाणी तपासणार आहेत. तुम्ही चला. तुम्ही बघा, मग मी लावते."

मला वाटलं, दार लागणार. काकू आत गेल्या, बाळाला सुनेजवळ दिलं आणि चपला घालून बाहेर आल्या. बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसल्या.

केंद्रात साहेबांनी सगळं दाखवलं. यंत्र धडधडत होतं. नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले, आणि पाणी पिवळं झालं. "क्लोरीन असला की असा रंग येतो," साहेब म्हणाले. काकूंनी नळी उजेडात धरली आणि निरखून बघितली. त्यांना पिवळ्या रंगाचं काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही. म्हणाल्या, "परत करा. या नळाचं नको, त्या पलीकडच्या नळाचं." परत केलं. परत पिवळं.

साहेबांनी हसत दोन ग्लास भरले आणि एक काकूंपुढे धरला.

काकूंनी हात पुढे केला नाही. माझ्याकडे बोट दाखवलं.

"आधी ती पिईल."

मी ग्लास घेतला. सगळा प्यायले, एका दमात. पाण्याला औषधाचा वास होता. काकू माझ्या गळ्याकडे बघत होत्या, घोट खाली उतरतोय की नाही ते. ग्लास रिकामा करून मी खाली ठेवला.

मग त्यांनी दुसरा ग्लास उचलला, अर्धा प्यायल्या आणि उरलेला साहेबांच्या हातात दिला. "उद्या लावा उभं," म्हणाल्या. "सुनेला मात्र मी उकळूनच देणार."

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. एकच जागा मिळाली. काकू बसल्या आणि माझी पिशवी मांडीवर घेतली.